तात्यांना एकच आकडा पाहिजे होता: समुद्राखालचं तेल कसं मोजतात

सप्टेंबर २०२५ मध्ये अंदमानजवळ समुद्रात गॅस लागल्याची बातमी आली तेव्हा मी गावी होतो, पलूसजवळ. सकाळी सकाळी आमचे थोरले चुलते, म्हणजे तात्या, मोबाईल हातात धरूनच ओसरीवर आले आणि बसायच्या आधीच विचारलं, "आरं, तू त्या समुद्रातल्या मशिनीवर व्हतास न्हवं? मग सांग, किती हाय ह्ये?" म्हटलं तात्या, बातमीत एवढंच आहे की किनाऱ्यापासून १७ किलोमीटरवर, २९५ मीटर खोल पाण्यात विहीर मारली, गॅस लागला, तपासला तर त्यात ८७ टक्के मिथेन निघाला. किती आहे ते एवढ्यावरनं कळत नाही. "मग कवा कळंल?" अजून विहिरी मारल्यावर, आणि तेव्हाही एक आकडा नाही, तीन मिळतील. तात्या माझ्याकडं बघतच राहिले. "तीन कशाला? खरा असंल त्यो एक सांगायचा की."

तात्यांचं काही चुकलं नव्हतं. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं शंभरातलं पंच्याऐंशीहून जास्त बाहेरनं विकत आणावं लागतं, त्यामुळं कुठंही तेल लागलं की माणसाला आशा वाटणारच, आणि त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर "आता पेट्रोल ३० रुपये" असलं काहीतरी फिरायला लागतं. पण मी बरीच वर्षं पश्चिमेकडच्या समुद्रात रिगवर, म्हणजे विहीर मारायच्या मशिनीवर, मड लॉगर म्हणून, म्हणजे खालनं वर येणारा दगडाचा चुरा तपासणारा म्हणून काढली, नंतर ऑफिसात बसून विहिरींचा डेटा बघितला, आणि मला मनापासून वाटतं की हा आकडा कसा तयार होतो ते लोकांना कळलं पाहिजे. त्या दिवशी ओसरीवर अर्धवट सांगितलं होतं, ते इथं नीट सांगतो.

सुरुवात ऊसापासनंच करतो कारण आपल्या भागात ते सगळ्यांना पाठ आहे. शेतातनं कारखान्यावर ८० टन ऊस गेला तर ८० टन साखर झाली असं कुणी म्हणत नाही, उतारा १२ टक्के धरला तर साखर साडेनऊ टनाच्या आसपास. टनेज वेगळं, साखर वेगळी. तेलाचंही अगदी असंच आहे. जमिनीत एकूण किती तेल आहे तो झाला ऊस, त्याला धंद्यात इन-प्लेस म्हणतात. त्यातलं वर काढून विकता येईल एवढं तेल म्हणजे साखर, त्याला रिझर्व्ह म्हणतात. बातम्यांमध्ये बऱ्याच वेळा ऊसाचा आकडा साखर म्हणून छापला जातो, आणि सगळा घोळ तिथनं सुरू होतो.

आता एवढा फरक का पडतो? बऱ्याच लोकांच्या डोक्यात चित्र असं असतं की खाली एक मोठी गुहा आहे, त्यात तेलाचं तळं भरलंय, पाइप सोडला की ओढून घ्यायचं. तसं काही नसतं. तेल दगडात असतं, दगडाच्या बारीक बारीक छिद्रांत. रिगवर माझं कामच हे होतं. ड्रिलिंग चालू असताना खालचा चुरा मडबरोबर, म्हणजे विहिरीत फिरवतात त्या चिखलासारख्या द्रवाबरोबर वर येतो, खोल विहिरीत त्याला वर यायला पाऊण तास, तासभर लागतो, म्हणजे आत्ता हातात आलेला चुरा तासाभरापूर्वी कापलेल्या दगडाचा असतो आणि हा हिशोब चुकला की सगळंच चुकतं. रात्री दोन वाजता शेल शेकरवरनं, म्हणजे मड गाळणाऱ्या हलत्या चाळणीवरनं, मूठभर चुरा घ्यायचा, चाळणीत धुवायचा, ट्रेमध्ये पसरायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचा. नुसता पांढुरका चुनखडीचा कण, ज्वारीच्या कणीएवढा, ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतो. मग तोच ट्रे काळ्या पेटीत, यूव्ही दिव्याखाली सरकवायचा, आणि त्या मळकट कणांतले काही कण पिवळेधमक चमकायला लागतात. वरनं सॉल्व्हंटचा एक थेंब सोडला की कणाच्या पोटातनं दुधासारखी धार हळूच बाहेर येते. ते तेल. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा शेजारच्या सिनियरला हाक मारायचीही शुद्ध राहिली नव्हती. पण त्याच वेळी हेही कळलं की दगडाला असं चिकटून बसलेलं तेल सगळंच्या सगळं वर येणं शक्य नाही. ओल्या फडक्यातनं पाणी कितीही पिळा, फडकं ओलंच राहतं.

मग मोजायचं कसं? सातारा-सांगलीकरांना धरणाचं गणित सांगायला लागत नाही, पावसाळ्यात सकाळी उठल्या उठल्या कोयनेत किती टीएमसी झालं ते बघायची सवयच आहे आपल्याला. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी, त्यातलं साधारण ५ टीएमसी मृतसाठा, म्हणजे धरणात आहे पण उपयोगाला येत नाही. हा आकडा इतका पक्का कसा मिळतो, तर धरण भरायच्या आधीच दरीचा सर्व्हे झालेला असतो, कुठल्या उंचीला किती जागा ते तक्त्यात लिहिलेलं असतं, पाण्याची पातळी बघायची आणि तक्त्यात आकडा शोधायचा. समुद्राखाली नेमकं हेच नसतं. दरी कुणी बघितलेली नाही, पातळी कुठंय माहीत नाही, आणि त्यात भर म्हणजे ती दरी उलटी असते, म्हणजे दगडाचा थर पालथ्या वाटीसारखा वाकलेला असतो आणि तेल पाण्यापेक्षा हलकं म्हणून वर सरकून त्या वाटीच्या पोटात अडकतं, वरती चिखलमातीचा घट्ट थर झाकणासारखा बसलेला असतो म्हणून ते निसटत नाही.

जाता जाता एक सांगतो. गॅसचा साठा टीसीएफमध्ये सांगतात, ते म्हणजे आपल्या टीएमसीचाच मोठा भाऊ, १ टीसीएफ म्हणजे १,००० टीएमसी. एखाद्या ठिकाणी १० टीसीएफ गॅस म्हटला की १०,००० टीएमसी, जवळजवळ ९५ कोयना. ऐकायला केवढं वाटतं, पण हे माप वर आल्यावरच्या हवेच्या दाबाला असतं. खाली प्रचंड दाबात तोच गॅस साधारण दोनशे पटीनं दाबून बसलेला असतो, म्हणजे जागा लागते फक्त ५० टीएमसीची, अर्धी कोयना. अर्थात तीही मोकळी नाही, दगडाच्या छिद्रांत विखुरलेली.

वाटीचा आकार शोधायला सिस्मिक सर्व्हे करतात. जहाजाच्या मागं हवेच्या तोफा असतात, एअरगन म्हणतात, दर दहाएक सेकंदाला पाण्यात दाबाची हवा सोडून धडाका करतात, आवाज पाण्यातनं खाली जातो, समुद्रतळाच्या आतल्या प्रत्येक थरावर थोडा थोडा आपटून परत येतो, आणि जहाजामागं सहा-आठ किलोमीटर लांब केबली सोडलेल्या असतात त्यातले माइक तो प्रतिध्वनी पकडतात. मुंबईसमोरच्या समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राचा उंचवटा असाच साठच्या दशकात अकादमिक अर्खांगेल्स्की नावाच्या रशियन जहाजानं टिपला होता आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राट रिगनं तिथं तेल काढून दाखवलं.

पण सिस्मिक मीटर मोजत नाही हो, सेकंद मोजतं. आवाजाला जाऊन यायला दोन सेकंद लागले, म्हणजे जायला एक, पण त्या एका सेकंदात तो किती खोल गेला? पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला १,५०० मीटरच्या आसपास, दगडात जास्त, आणि प्रत्येक थरात वेगळा. सरासरी वेग २,५०० धरला तर थर २,५०० मीटरवर, २,६०० धरला तर १०० मीटर आणखी खाली. हा फरक किरकोळ वाटेल, पण वाटी खोलगट नसून परातीसारखी पसरट असेल तर पातळीत वीस मीटर इकडंतिकडं झालं की क्षेत्रफळ दुप्पटसुद्धा होतं. पालथी परात आणि पालथी वाटी हा फरक मी नवीन पोरांना नेहमी हाताच्या तळव्यानं करून दाखवायचो.

आणि सिस्मिकवर गॅस असलेला थर कधी कधी लख्ख चमकतो, ब्राइट स्पॉट म्हणतात, बघूनच उत्साह येतो. अडचण अशी की छिद्रांत ८० टक्के गॅस असला काय आणि १० टक्के असला काय, चमक जवळपास सारखीच दिसू शकते. १० टक्केवाला काढता येत नाही. असल्या चमकेवर कोट्यवधी रुपयांच्या विहिरी कोरड्या गेल्यात.

म्हणून शेवटी विहीरच मारावी लागते. विहीर मारली की वायरला उपकरणं बांधून खाली सोडतात, त्यांना लॉग म्हणतात, ती दगडात किती छिद्रं आहेत, त्या छिद्रांत खारं पाणी आहे की तेल, हे वीज आणि किरणोत्सर्गाच्या साहाय्यानं मोजतात. खाऱ्या पाण्यातनं वीज सहज जाते, तेलातनं जात नाही, मूळ युक्ती एवढीच. जोडीला कोअर काढतात, म्हणजे दगडाचा अखंड दांडा, आणि दाबाचं माप घेतात, आणि मग विहीर काही तास, काही दिवस वाहती ठेवून टेस्ट करतात.

इथं जमिनीवरचं आणि समुद्रातलं काम वेगळं पडतं. जतला, आटपाडीला बोअर मारताना आपण काय बघतो, एकाच्या रानात १८० फुटांवर अडीच इंच पाणी, आणि बांधाच्या पलीकडं पन्नास फुटांवर भावानं ४०० फूट मारली तरी नुसता धुरळा. काळ्या दगडात पाणी फटीतनं फिरतं, फट लागली तर लागली. आमच्याही रानात हे झालंय, पहिल्या बोअरचं पाणी बघून बाबांनी सगळं द्राक्षाचं गणित मांडलं आणि एप्रिलला मोटार हवा ओढायला लागली. तेलाचा थर एवढा लहरी नसतो, पण एका विहिरीवरनं अख्ख्या साठ्याचा अंदाज बांधणं धोक्याचंच. जमिनीवर शंका आली तर आणखी दोन विहिरी मारता येतात. समुद्रात डीपवॉटर ड्रिलशिपचं, म्हणजे खोल पाण्यात विहीर मारणाऱ्या जहाजाचं, एका दिवसाचं भाडंच कोटींत, त्यामुळं शंभर-दीडशे चौरस किलोमीटरच्या साठ्याचा निर्णय कधी कधी चार-पाच विहिरींवर घ्यावा लागतो. दहा एकर बागेत चार झाडांचे घड मोजून व्यापाऱ्यानं सौदा करायचा, तसं.

आता प्रत्यक्ष आकडेमोड करू, पाचवी-सहावीच्या गणिताएवढीच आहे. समजा साठा पसरलाय २० चौरस किलोमीटर, तेलाचा थर सरासरी १० मीटर जाड. म्हणजे दगड झाला २० कोटी घनमीटर. त्यात छिद्रं २० टक्के, म्हणजे मोकळी जागा ४ कोटी घनमीटर. पण छिद्रांत सगळं तेल नसतं, आधीचं खारं पाणी थोडं राहतंच, तेल ७० टक्के धरू, म्हणजे २.८ कोटी. आता आणखी एक गंमत आहे. खाली दाबात तेलामध्ये गॅस विरघळलेला असतो, सोड्याच्या बाटलीसारखा, वर आल्यावर तो उडून जातो आणि तेल आटतं. खालचं १.४ घनमीटर वर आल्यावर १ घनमीटर होतं असं धरलं तर उरलं २ कोटी घनमीटर. हा झाला ऊस. उतारा ३० टक्के धरा, साखर ६० लाख घनमीटर. एक पिंप म्हणजे १५९ लिटर, म्हणजे पावणेचार कोटी पिंपं.

छान आकडा आला, तात्यांना सांगून टाकावा असा. पण यातला एकही आकडा मी प्रत्यक्ष मोजलेला नाही, सगळे काढलेले आहेत. क्षेत्र २० ऐवजी १६ असेल, जाडी १० ऐवजी ८, छिद्रं १८ टक्के, तेल ६५ टक्के, उतारा २५. कुठलाच आकडा वीस टक्क्यांपेक्षा जास्त हलवलेला नाही, तरी उत्तर येतं २७ लाख घनमीटर. आणि सगळं तेवढंच वरच्या बाजूला हलवा, क्षेत्र २४, जाडी १२, छिद्रं २२, तेल ७५, उतारा ३५, उत्तर येतं जवळपास ११९ लाख. कुठं २७ आणि कुठं ११९! साडेचार पटीचा फरक, आणि दोन्ही माणसं प्रामाणिक. हा भाग मला या सगळ्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण थोड्या थोड्या शंका गुणाकारात गेल्या की कशा फुगतात ते यात दिसतं.

अर्थात सगळंच एकदम वाईट किंवा सगळंच एकदम चांगलं क्वचितच घडतं. म्हणून काय करतात, पाच मडकी आहेत असं समजा, एकात क्षेत्राच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात जाडीच्या, असं करत पाचव्यात उताऱ्याच्या. प्रत्येक मडक्यातनं एक चिठ्ठी उचलायची, गुणाकार करायचा, उत्तर लिहायचं, चिठ्ठ्या परत टाकायच्या. असं हजारो वेळा. कॉम्प्युटर हे क्षणात करतो, त्याला माँटे कार्लो पद्धत म्हणतात. मग सगळी उत्तरं ओळीनं लावायची. शंभरातल्या नव्वद उत्तरांत निदान जेवढं निघतंच तो पहिला आकडा, त्याला पी-९० म्हणतात. पन्नास वेळा त्याहून जास्त आणि पन्नास वेळा कमी तो मधला, पी-५०. आणि शंभरात दहाच वेळा जिथपर्यंत मजल जाते तो पी-१०. हेच ते तीन आकडे तात्या. पहिल्याला प्रूव्ड किंवा वन-पी, दुसऱ्यात प्रॉबेबल मिळवून टू-पी, आणि तिसऱ्यात पॉसिबलही धरून थ्री-पी. बँक कर्ज देताना पहिल्याकडं जास्त बघते, कंपनी समुद्रात तेल काढायचा प्लॅटफॉर्म केवढा बांधायचा ते साधारण दुसऱ्यावर ठरवते, आणि जाहीर सभेत, बातमीत बहुतेक वेळा तिसरा येतो किंवा तिसऱ्याच्याही वरचा, न मारलेल्या विहिरींचा. विहीरच मारली नसेल तर त्याला रिझर्व्ह म्हणतच नाहीत, प्रॉस्पेक्टिव्ह रिसोर्स म्हणतात, म्हणजे अजून ऊस लावलेलाच नाही, नुसतं रान चांगलं दिसतंय.

आता परत उताऱ्यावर येतो. साखरेचा उतारा जास्तीत जास्त किती ते ऊसाच्या जातीवर, तोडणीच्या वेळेवर, मिलवर ठरतं. तेलाचा उतारा दगडावर ठरतो, तेल पातळ की घट्ट त्यावर, खालनं पाणी दाब देतंय का त्यावर, आणि माणूस काय काय करतो त्यावर. तेलात २० ते ४० टक्के हे सर्रास दिसतं. गॅस सुटसुटीत, त्यात ७०-८० टक्केसुद्धा येतो, पण खालनं पाणी जोरात चढलं तर मध्येच गॅस अडकवून टाकतं. उत्तर समुद्रात नॉर्वेकडं एकोफिस्क म्हणून साठा आहे, १९६९ मध्ये सापडला, खडूचा दगड. सुरुवातीला म्हणत होते यातनं १७ टक्के निघेल. १९८७ पासनं मोठ्या प्रमाणावर पाणी आत सोडायला लागले आणि आता तिथला अंदाज ५० टक्क्यांच्या वर आहे. तोच दगड, तेच तेल, साखर मात्र तिप्पट झाली. (तेल काढल्यामुळं तिथला समुद्रतळच काही मीटर खाली बसला, आणि १९८७ मध्ये उभेच्या उभे प्लॅटफॉर्म जॅक लावून सहा मीटर उचलले, ते काम कसं केलं असेल याचा मी अजून विचार करतो.) आपल्या मुंबई हायमधनं मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, पन्नास वर्षं होत आली, आणि अजूनही तिथं तेल निघतंय, कारण मधल्या काळात नवीन विहिरी, आडव्या विहिरी, पाणी सोडणं हे सगळं चालू राहिलं.

म्हणजे रिझर्व्हचा आकडा नुसता दगडाचा नसतो, त्यात पैसा आणि प्लॅनही मिसळलेला असतो. तेल सापडलेलं पाहिजे, काढता येणारं पाहिजे, आजच्या आणि अंदाजे उद्याच्या भावाला परवडणारं पाहिजे, आणि अजून काढायचं बाकी पाहिजे, चारही अटी बसल्या तर रिझर्व्ह. पाइपलाइन टाकायला परवडत नसेल तर तेच तेल वेगळ्या खात्यात जातं, कंटिंजंट म्हणतात. खाली काही बदललेलं नसतं. जानेवारी २००४ मध्ये शेल कंपनीनं सांगितलं की आम्ही प्रूव्ड म्हणून दाखवलेल्यातलं ३.९ अब्ज पिंप प्रूव्ड नाही, एकूणच्या वीस टक्के. तेल कुठं पळून गेलं नव्हतं, पण ते त्या खात्यात लिहायला नको होतं. शेअर कोसळला आणि मार्चमध्ये चेअरमनना जावं लागलं. सोसायटीच्या वहीत उभ्या ऊसाला गोदामातली साखर म्हणून लिहिलं तर जे होईल ते झालं.

आपल्याकडचं मोठं उदाहरण कृष्णा-गोदावरी खोऱ्याचं. आपल्या घाटावर उगम पावलेली कृष्णा तिकडं समुद्राला मिळते, त्याच किनाऱ्यासमोरच्या खोल समुद्रात रिलायन्सच्या केजी-डी६ ब्लॉकमध्ये २००२ ला मोठा गॅस सापडला. काढता येईल असा अंदाज होता १० टीसीएफच्या आसपास, म्हणजे त्या ९५ कोयना. एप्रिल २००९ मध्ये उत्पादन सुरू झालं, रोज ८ कोटी घनमीटरचं लक्ष्य होतं, २०१० मध्ये ६ कोटीच्या आसपास पोचलं आणि तिथनं घसरत सुटलं, २०१३-१४ पर्यंत दीड कोटीच्याही खाली. मधल्या काळात, २०१२ मध्ये, काढता येण्याजोग्या गॅसचा अंदाज ३ टीसीएफच्या आसपास आणला गेला. दाब अपेक्षेपेक्षा लवकर उतरला, विहिरींमध्ये पाणी आलं. का झालं यावर कंपनी आणि सरकारमध्ये बराच वाद झाला, विहिरी ठरल्याएवढ्या मारल्या नाहीत असं एक बाजू म्हणाली, दगडच तसा निघाला असं दुसरी, त्यात मी पडत नाही. पण या गॅसवर अवलंबून देशात वीज प्रकल्प उभे राहिले होते आणि ते गॅसविना बसून राहिले, तेव्हा आकडा चुकला की फक्त कागदच चुकतो असं समजू नये.

दाबाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, उत्पादन सुरू झाल्यावर मोजायची दुसरी, जास्त भरवशाची रीत हातात येते. सांगलीतल्या सीएनजी रिक्षावाल्याला विचारा. टाकी किती मोठी हे माहीत नसलं तरी चालतं, काटा २०० वर होता, अर्धा किलो गॅस जळला आणि काटा १८० वर आला, म्हणजे दहावा हिस्सा संपला, म्हणजे एकूण होता पाच किलो. गॅसच्या साठ्यात हेच करतात, किती काढला आणि दाब किती उतरला याची रेघ कागदावर मारायची, ती रेघ जिथं शून्य दाबाला टेकेल तिथं एकूण गॅस. (गॅसच्या स्वभावाची थोडी दुरुस्ती करावी लागते, पण मूळ हेच.) यात फसगत एकच, खालनं पाणी आत येत असेल तर ते दाब टिकवून ठेवतं, काटा लवकर हलत नाही, आणि वाटतं की अजून भरपूर आहे. मग एक दिवस विहिरीतनं पाणीच यायला लागतं.

आणि साठा म्हातारा झाला की तिसरी रीत, उत्पादन दर महिन्याला कसं घटतंय त्याची वक्र रेघ पुढं वाढवत न्यायची. आर्प्स नावाच्या माणसानं १९४५ मध्ये याची सूत्रं मांडली, अजून तीच वापरतात. गाभण राहिलेल्या म्हशीचं दूध दिवसेंदिवस कमी होत जातं तेव्हा आई बरोबर सांगते की अजून किती दिवस काढायचं, तसंच, फक्त कागदावर. ती रेघ शून्यापर्यंत नेत नाहीत, जिथं प्लॅटफॉर्म चालवायचा खर्च निघणार नाही तिथं थांबवतात. समुद्रात तो खर्च मोठा, हेलिकॉप्टर, बोटी, माणसं, गंजणारं लोखंड, त्यामुळं जमिनीवर जी विहीर रोज थोडंथोडं देत चालू राहिली असती ती समुद्रात आधीच बंद करावी लागते.

हे सगळं मी तात्यांना दोन दिवसांनी परत सांगितलं, मडक्यातल्या चिठ्ठ्यांपर्यंत. ते ऐकत होते, मध्ये मध्ये तंबाखू मळत. मग म्हणाले, "पर त्यो एक खरा आकडा कवाच न्हाई का मिळत?" मिळतो की तात्या. सगळं काढून झालं, शेवटची विहीर सिमेंटनं बुजवली, प्लॅटफॉर्म कापून नेला, की आजवर वर आलेल्या तेलाची बेरीज करायची, तो खरा आकडा.

"म्हंजी हंगाम बंद झाल्याबिगार उतारा कळत न्हाई."

हां. तसंच.

"मग ह्या अंदमानचं सध्या काय म्हणायचं?"

म्हटलं गॅस लागलाय एवढं म्हणायचं. पुढची विहीर कुठं मारतात आणि टेस्टमध्ये किती वाहते ते बघायचं.